लेखिका आपल्याच गावची निघते तेव्हा

एखादी कादंबरी संपते आणि आपण लगेच फोन उचलतो. लेखकाचं नाव टाइप करतो. तो कुठे राहतो, दिसतो कसा, बोलतो कसा, त्याचं अकाउंट आहे का, हे सगळं दहा मिनिटांत पाहून होतं. गोष्ट संपलेली असते, पण त्या माणसाशी आपलं काहीतरी नुकतंच सुरू झालंय असं वाटत असतं. हा आपला माणूस आहे, याला आपण कळू, असं काहीसं.

ही भावना फोनमुळे आलेली नाही. जे. डी. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीतल्या होल्डनलाही एखादं पुस्तक फार आवडलं की त्याच्या लेखकाला फोन लावावासा वाटतो. गंमत अशी की होल्डनला जन्म देणारा सॅलिंजर १९५३ साली न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निश नावाच्या लहानशा गावात राहायला गेला, १९६५नंतर त्याने काही छापलं नाही, आणि २०१०मध्ये मरेपर्यंत तो वाचकांपासून लांबच राहिला. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला असेच राहिले. भेटीगाठी टाळायचे, पण पत्रं मात्र लांबलचक आणि मनापासून लिहायचे. त्यांच्यामागे त्या पत्रांचे खंड निघाले आणि लोक ते कथांइतक्याच असोशीने वाचतात.

म्हणजे दार किती उघडायचं हे लेखक ठरवायचा. आपल्या पिढीला मात्र असे लेखक भेटले ज्यांचं दार उघडंच होतं. मराठीत या उघड्या दाराच्या काळातल्या पहिल्या ठळक कादंबरीकारांपैकी एक म्हणजे कविता महाजन. ब्लॉग, फेसबुक, पोस्टखालच्या चर्चा, भांडणं, सगळीकडे त्या असायच्या. आणि माझ्यासाठी आणखी एक गोष्ट होती. त्या काही वर्षं वसईत राहायच्या.

विरारमध्ये वाढलेल्या मुलाला हे समजतं तेव्हा काय होतं, ते बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. आमच्या भागाबद्दल लोकांना चार गोष्टी माहीत असतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला किल्ला, सुकेळी, अर्नाळ्याचा समुद्र आणि विरार लोकलची गर्दी. २००९ साली इथे महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली. पण इथे कुणाला 'गाव कुठलं?' असं विचारलं तर तो 'विरार' म्हणत नाही. तो चिपळूण म्हणतो, पाटण म्हणतो, जौनपूर म्हणतो. विरार म्हणजे जिथे घर परवडलं ती जागा. इथे लिहिणारे नव्हते असं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पण इमारतींच्या आणि टँकरच्या या शहरात राहून कुणी कादंबऱ्या लिहिल्या, हे कळलं की शहराची उंची एकदम वाढते. आपलीही थोडी वाढते. महाजन मूळच्या नांदेडच्या, १९६७ सालचा जन्म. म्हणजे त्याही आमच्यासारख्याच बाहेरून इथे आलेल्या. मग तर त्या जास्तच आपल्या.

हा आपलेपणा खरा की खोटा, आणि खरा असेल तर नेमका कशाशी, हे तपासून पाहायला हवं. कारण मराठीत आवडत्या लेखकाबद्दल जे काही लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा याच आपलेपणावर उभं असतं आणि तिथेच अडकतं. परीक्षण सुरू होतं 'ताईंचं नवं पुस्तक हातात पडलं' असं, आणि संपतं ताईंना शुभेच्छा देऊन. मधल्या जागेत पुस्तक कुठे असतं?

आधी आपलेपणाचं सगळ्यात गाजलेलं मराठी उदाहरण पाहू, म्हणजे 'कोसला'. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते. नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. नेमाड्यांचं गाव खानदेशातलं सांगवी, आणि नायकाचं आडनाव सांगवीकर. लेखक आणि नायक यांची सरमिसळ व्हावी अशी सोय लेखकानेच करून ठेवलेली. साठ वर्षं उलटून गेली, तरी हॉस्टेलवर राहिलेल्या पोराला आजही वाटतं की हे माझ्यावरच लिहिलंय.

का वाटतं? आपण पटकन म्हणतो, सारखेपणामुळे. पण नीट पाहिलं तर सारखेपणा फार थोडा आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून संपल्याचं जाहीर केलं. माझ्या पिढीतल्या कुणीही हा रोग पाहिलेला नाही. तरी ती पानं वाचताना घसा दाटतो.

म्हणजे जवळीक तपशिलात नाही, वाक्यात आहे. पांडुरंगाचे दोन लाडके शब्द सगळ्यांना माहीत आहेत, 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. आता बघा, 'वगैरे' आपण कुणापुढे म्हणतो? ज्याला पुढचं माहीत आहे त्याच्यापुढे. बँकेच्या फॉर्मवर 'वगैरे' चालत नाही, पोलिसांपुढच्या जबाबात चालत नाही. मित्रापुढे चालतं. 'उदाहरणार्थ'चंही तसंच. पांडुरंग नियम सांगत बसत नाही, थेट उदाहरण देतो. ते कशाचं उदाहरण आहे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं. हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी वाचकाला गृहीत धरतात, की तुला माहीत आहेच. कुणी इतक्या वेळा 'तुला माहीत आहेच' म्हटलं की आपण त्याचे मित्र होऊनच जातो.

पण ही मैत्री पांडुरंगाशी आहे. पांडुरंग शिक्षणात अपयशी होऊन गावी परततो. नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, एकामागून एक कादंबऱ्या लिहिल्या, २०१४चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ज्याला काहीच तडीस नेता येत नाही अशा मुलाची गोष्ट तडीस नेणारा माणूस त्या मुलापेक्षा वेगळा असावाच लागतो. 'वगैरे' हा पांडुरंगाचा आळस आहे, आणि तो कुठे टाकायचा हे ठरवणं ही नेमाड्यांची मेहनत. ही मेहनत न पाहता आपण आळसाशी नातं जोडतो आणि त्याला लेखकाशी असलेलं नातं म्हणतो. मग लेखकाचं एखादं भाषण आपल्याला पटत नाही आणि दोस्ताने दगा दिल्यासारखं वाटतं. दगा कुणीच दिलेला नसतो. ज्याच्याशी दोस्ती होती तो अजून पुस्तकात आहे तिथेच आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. विरारहूनच लेडीज डब्यातून ऑफिसला येणाऱ्या एका मैत्रिणीने 'कोसला' वाचली आणि म्हणाली, "भारी आहे. पण तो माझ्याशी बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतोय." ती बरोबर होती. ज्याला माहीत आहेच त्याला 'वगैरे' आत घेतं, आणि ज्याला माहीत नाही त्याला बाहेर ठेवतं. सारखेपणावर उभ्या असलेल्या जवळिकीला एक कुंपण असतं. आत असणाऱ्याला ते दिसत नाही.

कविता महाजनांची 'ब्र' (२००५) मी वाचली तेव्हा माझ्याकडे सारखेपणाची काहीच सोय नव्हती. मी मुलगा, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. कादंबरीतली प्रफुल्ला नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, मोडलेला संसार मागे ठेवून सामाजिक संस्थेच्या कामाला लागलेली. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटत ती आदिवासी गावांमधून फिरते. माझ्याकडे फक्त पत्ता होता, की ही लेखिका वसईची.

आपल्या गावच्या लेखिकेच्या पुस्तकात वाचक आधी आपलं गाव शोधतो. 'ब्र'चं लक्ष तिकडे नाही. तिचं लक्ष आहे त्या बायकांकडे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींमध्ये एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात २०११पासून हे प्रमाण निम्म्यावर गेलं. कायद्याच्या भाषेत ही एका ओळीची गोष्ट आहे. गावात ती काय होते, ते आपण ऐकून असतो. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, बाई स्वतः कारभार करू लागली की अविश्वासाचा ठराव. 'ब्र'ने ही ऐकीव माहिती बायकांच्या तोंडी दिली आणि तिची माणसं केली. 'ब्र काढायचा नाही' या दटावणीतलं ते एक अक्षर पुस्तकाचं नाव झालं. ज्यांनी तोंडातून एक अक्षर काढू नये अशी अपेक्षा होती, त्या इथे पानंच्या पानं बोलतात.

कादंबरीकार म्हणून महाजनांची खरी निवड इथे आहे. प्रफुल्लाकडे स्वतःची गोष्ट आहे, आणि ती लहान नाही. तिच्या दुःखावर एक अख्खी कादंबरी सहज उभी राहिली असती. वाचकाला तिच्याबद्दल कणव वाटली असती, तिच्या आडून लेखिकेबद्दलही वाटली असती, आणि नातं जुळलं असतं. महाजनांनी प्रफुल्लाला ऐकायला बसवलं. कादंबरी तिच्या नजरेतून पुढे जाते, पण ती नजर स्वतःवर फार वेळ थांबत नाही. पांडुरंग आपल्याला म्हणतो, तुला माहीत आहेच. प्रफुल्ला जणू म्हणते, मला माहीत नाही, चल ऐकू. पहिल्या वाक्याला आत-बाहेर आहे. दुसऱ्याला नाही, कारण ज्याला माहीत नाही तो कुणीही असू शकतो. विरारचा मुलगासुद्धा.

आता यातल्या फसलेल्या जागांबद्दलही बोलू. 'ब्र'मध्ये काही पानं कार्यकर्त्याच्या अहवालासारखी वाचली जातात. एका बाईची हकिकत संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, आणि तिसऱ्या-चौथ्या हकिकतीला चेहरे मिसळू लागतात. माहितीचा भार कथेला पेलवत नाही अशा जागा आहेत. प्रफुल्ला तिथे माणूस न राहता कुणाच्या तरी पुढे धरलेला माइक होते. लेखिकेला एकही आवाज वगळायचा नाही, असं वाटत राहतं. कार्यकर्तीचा हा गुण आहे. कादंबरीकाराला मात्र वगळावं लागतं, म्हणजे जे उरतं ते लक्षात राहतं. आणि तरी, ज्यांना कायमच वगळलं गेलं त्यांच्यावरच्या पुस्तकात वगळणं किती अवघड असेल, हेही कळतं. हा दोष मला त्या पुस्तकाच्या हेतूपासून वेगळा काढता येत नाही. पण आहे तो दोषच. ताई म्हणून एकदा हात जोडले की हे म्हणताच येत नाही, आणि म्हणता आलं नाही की पुस्तक वाचलं असंही म्हणता येत नाही.

दोन वर्षांनी 'भिन्न' (२००७) आली. तिच्या केंद्रस्थानी एचआयव्हीची लागण झालेली स्त्री आहे. भारतात सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी औषधं मिळायला २००४च्या एप्रिलमध्ये सुरुवात झाली होती, म्हणजे भीती अजून ताजी होती तेव्हाचं हे पुस्तक. ते सलग वाचवत नाही. मध्ये मध्ये ठेवून द्यावं लागतं. नावातच तिने सांगून टाकलंय की इथे सारखेपणा शोधू नकोस. नंतर 'कुहू' (२०११) आली, एका पक्ष्याची गोष्ट, चित्रं आणि संगीत असलेली मल्टिमीडिया कादंबरी, डीव्हीडीसकट. आज माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीची फट नाही, फोनला तर कधीच नव्हती. चौदा-पंधरा वर्षांत एक फॉरमॅट मेला. अक्षरं तेवढी राहिली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला यात नवल नाही, पण कादंबरीच्या बाबतीत ते पाहताना वाईट वाटतं. आणि एकच लेखिका सहा वर्षांत पंचायत, रोग आणि पक्षी अशा तीन टोकांना जाते, तेव्हा 'ती म्हणजे अमुक' असं आपल्या मनातलं चित्र टिकत नाही. वाचकाला ठरलेली लेखिका हवी असते. महाजन ठरलेल्या जागी सापडत नाहीत.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, त्या गेल्या. माझी फीड त्या दिवशी त्यांच्या फोटोंनी भरून गेली. कुणी त्यांच्याशी झालेल्या चॅटबद्दल लिहीत होतं, कुणी त्यांनी टाकलेल्या कमेंटबद्दल, कुणी एकत्र काढलेल्या फोटोबद्दल. दुःख खरं होतं, यात शंका नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की बहुतेक पोस्टींमध्ये 'त्या माझ्याशी कशा होत्या' हे होतं, आणि 'त्यांनी काय लिहिलं' हे फार थोड्यांमध्ये. १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्याला 'पॅरासोशल' म्हटलं. हा शब्द आता रील्समध्येही ऐकू येतो, आणि बहुधा टोमणा म्हणून. पण एकतर्फी असणं हा काही गुन्हा नाही. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याचं नातंही एकतर्फीच असतं. आपण या एकतर्फी नात्याचं पुढे काय करतो, हे महत्त्वाचं. त्यातून आपण स्वतःकडेच बघत बसतो की आणखी कुठे?

मी कुठे बघू लागलो ते सांगतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके. वसई त्यातला एक. बाकी पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा. विरारच्या माणसाची मान दक्षिणेला वळलेली असते, अंधेरीकडे, चर्चगेटकडे. आपल्या आधार कार्डावर ज्या जिल्ह्याचं नाव आहे त्यातला मोठा भाग आदिवासी आहे, हे आपल्या दिनक्रमात कुठेच येत नाही. शहराला मिळणारं सूर्या प्रकल्पाचं पाणी तिकडच्या धामणी धरणातून येतं, एवढाच संबंध, आणि तोही नळ कोरडा पडला की आठवतो. या भागावर मराठीत मोठं लिखाण आहे. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे वारल्यांच्या लढ्याचं पुस्तक याच जमिनीवरचं. पण ते माझ्या हाती 'ब्र'नंतर आलं, 'ब्र'मुळे आलं. वसईची लेखिका म्हणून मी ज्यांच्या मागे गेलो, त्यांनी मला वसई दाखवली नाही. माझी मान उत्तरेकडे आणि पूर्वेकडे वळवली.

लेखकाशी वाटणारी जवळीक नेमकी कशी असते, याचं उत्तर मला इथे सापडतं. आपण ती समोरासमोरची समजतो. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, तो मला ओळखेल. म्हणून फोन लावावासा वाटतो, रिक्वेस्ट पाठवावीशी वाटते, एकाच स्टेशनावरचे म्हणून अभिमान वाटतो. पण कादंबरीकार लिहिताना आपल्याकडे बघतच नसतो. तो दुसरीकडे बघत असतो, आणि इतकं टक लावून बघतो की आपणही तिकडे बघू लागतो. लोकलने नायगाव सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर येते. खिडकीजवळचे दोन अनोळखी प्रवासी एकमेकांशी बोलत नाहीत, पण त्या मिनिटभरात दोघांचीही नजर पाण्यावर असते. त्या दोघांमध्ये जे असतं ते वाचक आणि कादंबरीकार यांच्यात असतं. शेजार असतो, ओळख नसते. एकाने बोट दाखवलेलं असतं आणि दुसऱ्याला ते दिसलेलं असतं.

मग 'कोसला'चं काय? तिलाही हेच लागू आहे. पांडुरंग माझ्यासारखा आहे म्हणून वाचणं हे पहिल्या वाचनात ठीक. दुसऱ्या वाचनात नेमाडे कुठे बघतायत ते पाहावं. मनीकडे, आईकडे, वडिलांकडे, गावाकडे. पांडुरंग ज्यांच्याकडे धड बघत नाही अशी माणसं त्या कादंबरीत कडेकडेने उभी आहेत. लेखकाने ती तिथे ठेवलीत म्हणजे त्याला ती दिसत होती. तिथे नजर गेली की माझ्या मैत्रिणीलाही त्या पुस्तकात बसायला जागा होईल, असं मला वाटतं. तिला ते पटेलच असं नाही. तिने 'ब्र' नेली आहे आणि अजून परत केलेली नाही.

वसईत महाजन नेमक्या कुठे राहायच्या, हे मी कधी शोधलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं, आमच्याकडे सगळे सगळ्यांना कुठून ना कुठून ओळखतात. पण पत्ता मिळून काय झालं असतं? त्या इमारतीखाली उभं राहून एक फोटो काढला असता. प्रफुल्ला जिथे जिथे गेली त्या गावांचे पत्ते जास्त उपयोगाचे आहेत. त्यातली कितीतरी गावं आजही एसटीने गाठता येतील अशी आहेत, आणि तिथल्या सरपंचाच्या खुर्चीत आज कदाचित त्या बायकांच्या लेकी-सुना बसलेल्या असतील. त्यांच्यावरची कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही.